इंजिन पाठीशी, रेडिएटर नाकाशी

प्रश्न थोडक्यात असा: घर नागपूरला, नोकरी इंग्लंडात कव्हेंट्रीला, अजून तीन-चार वर्षं मुक्काम तिथेच. वापरलेली, हलकी, मिड-इंजिन स्पोर्ट्‌स कार घ्यायची आहे. यादीत लोटस इलिस, व्हॉक्सहॉल व्हीएक्स२२०, टोयोटा एमआर२ची तिसरी पिढी आणि पोर्शे बॉक्सस्टर ९८६. सांभाळायला सोपी कोणती, आणि परतताना ती नागपूरला आणता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचा निकाल त्यावरच लागतो. नाही आणता येणार. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टीअरिंग उजवीकडे लागतं, स्पीडोमीटर किलोमीटरचा लागतो आणि वर इथल्या चाचणीचं प्रमाणपत्र लागतं. ब्रिटनमधल्या गाडीचं स्टीअरिंग उजवीकडेच असतं म्हणून लोक अर्धी लढाई जिंकल्यासारखे खूश होतात, पण वयातच सगळं अडतं. ९८६ बंद झाली २००४ मध्ये, व्हीएक्स२२० २००५ मध्ये, एमआर२ २००७ मध्ये, आणि शेवटची इलिस बनली २०२१ मध्ये. एकही बसत नाही. नियमात बसणारी एखादी नवी गाडी शोधलीत तरी सीमाशुल्क आणि त्यावरचा जीएसटी धरून गाडी मूळ किमतीच्या दुप्पट-तिप्पट पडते, आणि वर महाराष्ट्रात आयात गाडीला २० टक्के रस्ता कर. कार्नेवर (गाडी तात्पुरती आणायच्या परवान्यावर) सहा महिने फिरवून परत नेता येते, पण त्याला सहल म्हणतात, मालकी नाही. तेव्हा हिशोब तिथल्या तीन-चार वर्षांचाच करा: घ्या, चालवा, निघताना विका. म्हणजे विकताना सहज जाईल आणि मधल्या काळात खिसा कापणार नाही अशी गाडी हवी. नागपूरसाठी काय करायचं ते शेवटी सांगतो.

आता या जातीच्या गाड्यांचा स्वभाव. इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर नाकात. पाणी इंजिनातून निघून गाडीच्या पोटाखालून दोन-अडीच मीटर पुढे जातं, थंड होतं आणि तेवढंच परत येतं. बाकी गाडीत रेडिएटर इंजिनाच्या तोंडासमोर असतो, बॉनेट उघडलं की सगळं दिसतं. इथे नळी कुठे झिरपते ते दिसायला गाडी लिफ्टवर घ्यावी लागते, खालची पत्र्याची ताटं काढावी लागतात, आणि इलिससारख्या गाडीत रेडिएटर बदलायला पुढचं अख्खं फायबरचं अंग उतरवावं लागतं. सुटा भाग शंभर रुपयांचा आणि तिथवर पोचायची मजुरी हजाराची, असा हा मामला आहे. म्हणून मिड-इंजिन गाडी बघताना अश्वशक्ती सगळ्यात शेवटी बघा. आधी पाणी बघा, मग मागची चाकं कोणत्या कोनात उभी आहेत ते, मग अंगावरचे पॅनेल.

तुमच्या परिस्थितीत माझी पहिली पसंती एमआर२ला. तिसरी पिढी, १९९९ ते २००७, गाडीचं वजन साधारण १००० किलो, १.८ लिटरचं वन-झेडझेड इंजिन, १४० पीएस (अश्वशक्ती). टाइमिंगला चेन आहे, पट्टा बदलायची कटकट नाही. इंजिन टोयोटाच्या सेलिका-कोरोलामधलं असल्यामुळे सेन्सर, पंप, गॅस्केट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. पण हिच्यात एक खोट आहे आणि ती न तपासता गाडी घेणं म्हणजे इंजिन विकत घेण्याची तयारी ठेवणं. साधारण २००२ पर्यंतच्या इंजिनांत पिस्टनवर तेल परतायची भोकं बारीक होती. ती काजळीने बुजतात, रिंगा अडकतात, इंजिन तेल प्यायला लागतं. मालकाला पत्ता नसतो, कारण धूर फारसा दिसत नाही. तेलाचं प्रमाण आधीच कमी, फिल्टरसकट ३.७ लिटर. त्यातलं दीड लिटर गेलं आणि गाडी लांब वळणावर दाबली की बेअरिंग कोरडं पडतं. दुसरीकडे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) आतच दोन छोटे प्री-कॅट, म्हणजे धूर साफ करणाऱ्या मुख्य कॅटच्या आधीचे छोटे कॅट, बसवलेले आहेत. जळक्या तेलाने त्यांची सिरॅमिकची जाळी ठिसूळ होते, सुटते, आणि तिची पूड उलटी सिलिंडरमध्ये ओढली जाते. सिरॅमिकची पूड म्हणजे पॉलिश पेपरच. पुढचं सांगायला नको.

हे तपासायला इंजिन उघडावं लागत नाही. गाडी पूर्ण गार असताना मागचं झाकण उघडा. मॅनिफोल्डवर दोन ऑक्सिजन सेन्सर आहेत. त्यांच्या आट्यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलेलं बरं. २२ मिलिमीटरचा, वायर जायला फट असलेला सेन्सर सॉकेट लावून ते सोडवा आणि भोकातून टॉर्च मारा. मोबाइलला जोडायचा स्वस्त बोअरस्कोप (बारीक वायरीच्या टोकाचा कॅमेरा) असेल तर उत्तम. मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी सलग, करड्या रंगाची, काठ न झिजलेली दिसली तर ठीक. मध्ये खड्डा, तडा किंवा जाळीच गायब दिसली तर गायब झालेला माल कुठे गेला हा प्रश्न विचारा. आधीच्या मालकाने मुद्दाम प्री-कॅट काढून टाकले असतील तर ते पावतीवर लिहिलेलं असतं, आणि तशी गाडी उलट जास्त निर्धास्त; मुख्य कॅट मागे शाबूत असतोच. विकणारा सेन्सर काढू द्यायला तयार नसेल तर किमान डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. तेल खुणेच्या खाली असणं हीच त्या माणसाच्या सवयीची साक्ष.

एमआर२चा दुसरा शत्रू मीठ. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मागच्या क्रॉसमेंबरमध्ये, म्हणजे गाडीखालच्या आडव्या दांड्यात, जाऊन बसतं. तो पोकळ आहे, आतून सडतो, बाहेरून काळा रंग चकचकीत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा; टणटणीत आवाजाच्या जागी बद्द आवाज आला की तिथे पत्रा राहिलेला नाही. एमओटीच्या (तिथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीच्या) ऑनलाइन नोंदी फुकट बघता येतात. त्यात ‘कॉरोडेड’ शब्द कोणत्या वर्षी पहिल्यांदा आला आणि पुढच्या वर्षी त्याचं काय झालं ते वाचा. मागच्या ब्रेक कॅलिपरच्या पिना अडकणं नेहमीचं, अर्ध्या दिवसाचं काम. एसएमटी गिअरबॉक्सची गाडी टाळा: क्लच पेडल नाही, हायड्रॉलिक पंप आणि अॅक्च्युएटर गिअर बदलतात, आणि ते बिघडले की दुरुस्त करणारा हात मिळत नाही. साधा गिअरबॉक्स घ्या, आधी पाच गिअरचा होता, २००३ च्या आसपास सहाचा आला. टायरमध्ये हवा पुढे २६, मागे ३२ पीएसआय. या फरकाला ‘चूक’ समजून चारही टायरला सारखी हवा भरणारे पंपवाले जगभर आहेत. तसं झालं की ओल्या रस्त्यावर अॅक्सिलरेटर सोडताच मागचा भाग सुटतो. आणि हो, डिकी विसरा. सीटमागे झाकणाची दोन कोनाडी आहेत, फराळाचे डबे मावतील, बॅग नाही.

इलिस ही वेगळीच चीज आहे आणि तिला ‘एक गाडी’ म्हणणं बरोबर नाही. इंजिनानुसार दोन वेगळ्या मालकी आहेत. दोन्हींत समान गोष्ट चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा. अॅल्युमिनियमचे एक्स्ट्रूड केलेले भाग इपॉक्सीने चिकटवलेले, पहिल्या पिढीत या चासीचं वजन फक्त ६८ किलो. १९९६ च्या पहिल्या इलिसचं जाहीर वजन ७२५ किलो होतं, म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षा थोडंच जास्त. पण ही चासी वेल्डिंग करून सरळ करायची वस्तू नाही. उष्णता दिली की धातूची आणि गोंदाची, दोन्हींची ताकद जाते. मोठा मार बसला तर चासीच बदलायची, आणि विमा कंपनी त्याआधीच गाडी मोडीत काढते. म्हणून इतिहास तपासताना ‘कॅट एस’, ‘कॅट एन’ किंवा जुन्या पद्धतीचं ‘कॅट सी’, ‘कॅट डी’ (अपघातानंतर विमा कंपनीने मोडीत काढलेल्या गाडीचे वर्ग) दिसलं तर फोटोंसह दुरुस्तीचा पुरावा मागा. कधी कधी फक्त फायबरचा क्लॅम (पुढचं किंवा मागचं अख्खं अंग) फुटला म्हणूनही गाडी मोडीत गेलेली असते, ती वाईट नसते. खालून बघताना दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्यांवर जॅकचे दाब शोधा. बऱ्याच गॅरेजमध्ये जॅक कुठे लावायचा ते माहीत नसतं आणि पट्टी पापडासारखी दबते.

जुन्या इलिसमध्ये रोव्हरचं के-सिरीज १.८ आहे, ११८ बीएचपीचं (हीही अश्वशक्तीच). हे इंजिन हेड गॅस्केटसाठी (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या सीलसाठी) बदनाम आहे, आणि कारण समजून घेतलं तर भीती कमी होते. लांब बोल्ट हेड, ब्लॉक आणि खालची शिडी असं सगळं सँडविचसारखं आवळून धरतात. ओले लायनर आहेत, म्हणजे पिस्टनभोवतीच्या नळकांड्यांना पाणी थेट भिडतं, आणि इंजिनात पाणी कमी आहे. थर्मोस्टॅट (तापमान बघून पाणी सोडणारी झडप) पाण्याच्या येण्याच्या वाटेवर आहे, आणि मिड-इंजिन गाडीत ती वाट लांब. थर्मोस्टॅट उघडला की लांबच्या नळीतलं गार पाणी एकदम तापलेल्या ब्लॉकमध्ये घुसतं. असा झटका हजारदा बसला की लायनर किंचित बसतात, गॅस्केटवरची रबरी रेघ सुटते. इलाज ठरलेला आहे: स्टीलच्या अनेक थरांचं गॅस्केट, प्लास्टिकऐवजी स्टीलचे डॉवेल (हेड जागेवर धरणाऱ्या पिना), लायनरची उंची मोजून घेणं आणि नवे बोल्ट. काहीजण थर्मोस्टॅट बदलून दाबावर उघडणारा दूरचा बसवतात. हे सगळं झाल्याची पावती असलेली गाडी, ‘कधीच हेड उघडलं नाही’ अशा गाडीपेक्षा चांगली. पाणी हळूहळू कमी होत असेल तर लगेच हेडवर संशय घेऊ नका. इनटेक मॅनिफोल्डचं रबरी गॅस्केटही झिरपतं आणि ते तासाभरात बदलतं. टाइमिंग पट्टा मात्र किलोमीटर न बघता चार वर्षांनी. ही गाडी वर्षाला तीन हजार मैल चालते, पट्ट्याला ते कळत नाही.

नवी इलिस, २००४ पासूनची १११आर, टोयोटाचं टू-झेडझेड इंजिन, १८९ बीएचपी, वजन ८६० किलोच्या आसपास. इथे हेडची चिंता संपते आणि वेगळी सुरू होते. साधारण ६२०० आरपीएमला झडपा उघडणारा कॅम बदलतो आणि इंजिन ८००० च्या पुढे ओरडतं. चाचणीत गरम इंजिनावर तिसऱ्या गिअरमध्ये त्या आकड्याच्या पुढे न्या. ढकलल्यासारखा धक्का जाणवलाच पाहिजे. नसेल तर बहुधा रॉकर शाफ्टचे ‘लिफ्ट बोल्ट’ झिजलेत. दोन बोल्ट, झाकण काढून बदलायचे, स्वस्त काम. त्याच निमित्ताने कॅमच्या उंचवट्यांवर ओरखडे आहेत का ते दिसतं, आणि ते असतील तर स्वस्त राहत नाही. खरी जोखीम चुकीच्या गिअरची. चौथ्यातून तिसऱ्याऐवजी पहिल्याकडे-दुसऱ्याकडे दांडा गेला की आरपीएम दहा हजारांकडे जातो आणि तेलाच्या पंपाचं चाक तडकतं. चांगली गोष्ट अशी की लोटसचा ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) लपवत नाही. सर्वाधिक आरपीएमच्या पाच नोंदी आणि प्रत्येक टप्प्यात घालवलेला वेळ त्यात साठतो. लोटसचं काम करणाऱ्या कुणाकडेही तो वाचता येतो. माझ्या मते तो अहवाल न बघता टोयोटा-इलिसला हात लावू नये.

बाकी तीन गोष्टी. रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या अॅल्युमिनियमच्या गाभ्याला मुडपून बसवलेल्या आहेत, तिथून पाणी झिरपतं. बदलणं म्हणजे पुढचा क्लॅम उतरवणं, दिवसभराचं काम, त्यामुळे बदलायचाच तर पूर्ण अॅल्युमिनियमचा टाका. ऑइल कूलरच्या नळ्या चिमटवलेल्या टोकाशी सुटतात, आणि सुटलेलं तेल नेमकं टायरवर जातं. आणि मागचे टो-लिंक. मागच्या चाकाचा कोन धरून ठेवणारा हा दांडा आतल्या बॉल जॉइंटवर एकाच बाजूने टेकलेला आहे. ट्रॅकवर घासलेल्या गाडीत तो जॉइंट झिजतो. तुटला तर मागचं चाक स्वतःच्या मर्जीने वळतं, आणि नव्वदच्या वेगात मागच्या चाकाने वळणं म्हणजे काय ते लिहायची गरज नाही. दोन्ही बाजूंनी आधार देणारा किट मिळतो. तो बसवलेला असला तर विक्रेत्याशी किमतीत घासाघीस कमी करा, त्याने तुमचं काम केलंय.

व्हीएक्स२२० ही इलिसचीच चुलतबहीण. २००० ते २००५ लोटसच्याच हेथेल कारखान्यात बनली, सगळ्या मिळून सुमारे ७,२००. २.२ लिटरचं १४७ पीएस इंजिन किंवा २००३ पासून २.० टर्बो, २०० पीएस. ९०० किलोच्या मागेपुढे वजन, एअरबॅग आणि एबीएस मिळतं, आणि के-सिरीजची कटकट नाही. टर्बोला पट्टा आहे, पाण्याच्या पंपासकट बदलावा. २.२ ला चेन आहे पण तिच्यावर आंधळा विश्वास नको: गार इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त खडखडलं की टेन्शनर, गाइड, तेलाचे जेट असं पूर्ण किट टाकायचं, नुसती चेन नाही. मग ही इलिसपेक्षा शहाणी निवड का नाही? बऱ्याच जणांसाठी आहे. दोन ठिकाणी अडते. पुढचे टायर १७५/५५ आर१७ या मापाचे, जे जवळपास कुणीच बनवत नाही. म्हणून लोक पुढची चाकं १६ इंची करतात, आणि ते विमा कंपनीला आधी कळवावं लागतं. दुसरं म्हणजे बाहेरचे पॅनेल इलिसचे बसत नाहीत. सात हजार गाड्यांचा पुढचा क्लॅम शोधणं म्हणजे वापरलेल्या भागांच्या मागे फिरणं. तुम्ही तीन वर्षांनी विकणार, तेव्हा एक किरकोळ ठोकरही गाडी महिनोन्‌महिने अडकवू शकते.

बॉक्सस्टर ९८६ चांगली गाडी आहे, पण यादीत चुकून आलीय. १२५० किलोपासून पुढे वजन, दोन डिक्या, हीटर, आराम. ज्याला रोज ऑफिसला जायचंय त्याने ही घ्यावी. इंटरमीडिएट शाफ्टचं (इंजिनाच्या आतल्या एका दांड्याचं) बेअरिंग हे तिचं भूत; ते गेलं की इंजिनच जातं. गिअरबॉक्स उतरवूनच दिसतं, म्हणून क्लच बदलताना त्याबरोबर बदलून घेतलेली गाडी शोधायची. आणि पुढच्या बंपरच्या दोन नाकपुड्यांत पाला साचून रेडिएटर-कंडेन्सर कुजतात, तो पाला वर्षातून एकदा बंपर काढून साफ करायचा. एमजीएफ कुणी स्वस्तात देतोय म्हणून बघणार असाल तर तेच के-सिरीज इंजिन, वर स्प्रिंगऐवजी द्रव आणि वायूवर चालणारं हायड्रागॅस सस्पेन्शन. त्यातला दाब उतरला की गाडी बसते आणि त्यात द्रव भरून दाब वाढवणारा पंप मोजक्या लोकांकडे. स्वतःचं गॅरेज नसलेल्या भाड्याच्या घरात राहणाऱ्याने हिच्या वाटेला जाऊ नये.

आता पाण्याबद्दल, कारण यादीतली कोणतीही गाडी घ्या, पहिल्या वर्षात कूलंट एकदा बदलालच, आणि निम्मी हेडं तिथेच जातात. सिस्टिम लांब आणि चढउताराची, हवा उंच जागी अडकते. हेडमध्ये हवेचा फुगा राहिला की तापमानाचा सेन्सर पाण्याऐवजी हवेत लटकतो. काटा शांत, आत हेड उकळतंय. म्हणून ‘काटा नॉर्मल होता’ हे वाक्य मिड-इंजिन गाडीत काहीही सिद्ध करत नाही.

पद्धत अशी. गाडी गार, सपाट जागेवर. जुनं कूलंट बादलीत घ्या आणि मोजा. बाहेर किती आलं हा आकडाच पुढे तुमचा साक्षीदार. हीटर पूर्ण गरमवर. नाकातल्या रेडिएटरवर आणि बहुतेक गाड्यांत हीटरच्या नळीवर हवा सोडायचे स्क्रू असतात. त्यांच्या तोंडाला पारदर्शक नळ्या लावून त्या उंच टांगा, भरायच्या टाकीपेक्षा वर. एमआर२च्या दुसऱ्या पिढीसाठी कंपनीनेच ही रीत दिली होती आणि ती बाकींनाही लागू पडते. मागून कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं, हळू ओता. घाईने ओतलं की हवा वाटेतच कोंडते. नळ्यांमधली पातळी टाकीतल्या पातळीच्या रेषेत आली आणि बुडबुडे थांबले की स्क्रू बंद. जाड नळ्या हाताने दाबत राहा, गुडगुड ऐकू आली तर हवा आहे. इंजिन सुरू करून रेडिएटरचा पंखा दोनदा फिरून बंद होईपर्यंत थांबा. पुढच्या रेडिएटरच्या दोन्ही नळ्या हाताला गरम लागल्या पाहिजेत. एक गरम, एक गार म्हणजे पाणी फिरत नाही. पूर्ण गार झाल्यावर पातळी बघा आणि बेरीज करा. सात लिटर निघालं आणि साडेपाच गेलं, तर दीड लिटर हवा आत बसलीय, मग काटा काहीही म्हणो. गॅरेजला देणार असाल तर निर्वात भरणी करतात का ते विचारा. त्यात आधी सिस्टिममधली हवा ओढून घेतात, मापक पाच मिनिटं स्थिर राहिला म्हणजे गळती नाही, मग त्याच पोकळीने कूलंट आत ओढलं जातं. एकाच कामात दोन तपासण्या होतात.

तिथल्या पेट्रोलबद्दल एक ओळ: ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल सप्टेंबर २०२१ पासून ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं, आहे. वीस-पंचवीस वर्षांच्या रबरी नळ्या असलेल्या, महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला सुपर ग्रेडचं ई५ टाका. आणि विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्या, बाजारभावाचा नाही. टायर झिजून बदलतील याची वाट बघू नका. हलक्या गाडीत ते झिजत नाहीत, कडक होतात. कडेवरचे चार अंक वाचा, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांपुढचे टायर नक्षी कितीही खोल असली तरी काढा, आणि चारही एकाच कंपनीचे, एकाच जातीचे टाका. पुढे नवे आणि मागे जुने कडक, ही जोडी गाडी स्वतःभोवती गरकन फिरवायला पुरेशी आहे.

म्हणजे निकाल: बजेट बेताचं आणि गाडी बाहेर रस्त्यावर उभी राहणार तर २००३ नंतरची, क्रॉसमेंबर धड असलेली एमआर२. बंद गॅरेज आहे आणि पैसे आहेत तर ईसीयू अहवालासह टोयोटा-इलिस, ती विकतानाही पैसे परत देते. व्हीएक्स२२० तेव्हाच, जेव्हा आधीच्या मालकाने पावत्यांची जाड फाइल ठेवलीय.

आता नागपूर. ही हलकी गाडी इथे का चालणार नाही ते आयातीच्या नियमाशिवायही समजून घ्या. रेडिएटर किती उष्णता फेकतो ते पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. कव्हेंट्रीत उन्हाळ्यात बाहेर २५, पाणी ९०, फरक ६५ अंशांचा. मे महिन्यात वर्धा रोडला बाहेर ४५, फरक ४५. तोच रेडिएटर, तोच पंखा, आणि ताकद सरळ तीस टक्के कमी; त्यात एसीचा कंडेन्सर समोर लावला की आणखी घट. सिग्नलला उभं राहिलं की इंजिनाच्या कोनाड्यातली हवा हलत नाही, कॉइल आणि गिअरच्या केबलची बुशं भाजतात. पेट्रोल ई२०. आणि गतिरोधक. रस्त्यांचे नियम ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, हळुवार कमानीचा सांगितला आहे. वस्तीतल्या गल्लीत लोकांनी स्वतः टाकलेला उंबरठा त्या नियमाला ओळखत नाही, आणि इलिसच्या पोटाखालचं ताट तर त्याला नक्कीच ओळखेल.

इथे आल्यावर मिड-इंजिनची हौस असेल तर भारतात अधिकृतपणे विकलेली, इथेच पहिली नोंदणी झालेली पोर्शे केमन किंवा बॉक्सस्टर बघा. ९८१ पिढी, २०१२ पासूनची, २.७ लिटर. बेअरिंगचं भूत २००९ च्या नव्या इंजिनापासून गेलेलं आहे. १३०० किलो म्हणजे हलकी नाही, पण रेडिएटर, एसी आणि मायलेज या हवेत टिकतं. स्वस्त मिळतेय म्हणून दुसऱ्या राज्यातली, खासगी आयात केलेली गाडी घेण्याआधी कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री (आयातीची नोंद आणि शुल्क दाखवणारा कागद) मागा आणि त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. झेरॉक्स दाखवून ‘मूळ कागद लोनवाल्यांकडे आहेत’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा, कारण शुल्क बुडवलेली गाडी जप्त होताना शेवटचा मालक हात चोळत बसतो.

घेतलीत की पहिलं काम बंपर काढून दोन्ही रेडिएटर धुवून घेणं. नागपूरची धूळ आणि चिलटं मिळून जाळीवर नमदा बसतो. प्रेशरवॉशर जवळून मारू नका, जाळीच्या पातळ पात्या वाकतात. साधी पाण्याची नळी, आतून बाहेर. दरवर्षी होळीच्या आधी हेच, उन्हाळा सुरू व्हायच्या आत. कूलंटमध्ये बोअरचं पाणी कधीच नाही, इथलं पाणी जड आहे, क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. समृद्धीवर शिवमडक्याहून निघणार असाल तर हवा सकाळी टायर गार असताना तपासा. सलग १२० च्या वेगात तापलेल्या काँक्रीटवर कमी हवेचा टायर कडेने भाजतो, आणि दुपारी पंपावर गरम टायरचा आकडा वाढलेला बघून हवा सोडणं ही त्याच्या उलट बाजूची, तितकीच महागात पडणारी चूक. मागच्या मापाचा टायर इथल्या दुकानात तयार नसतो, मुंबई-पुण्याहून मागवावा लागतो. म्हणून जोडी झिजायच्या दोन महिने आधी ऑर्डर द्या, आणि आल्यावर कडेवरचे ते चार अंक वाचल्याशिवाय चाकावर चढवू देऊ नका.